हाडे किती खरे वय सांगतात?

नागपूरच्या सदर भागातील एका शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या आमच्या परिचयाच्या बाईंना काही वर्षांपूर्वी न्यायालयाचे समन्स आले. सुरुवातीला त्या घाबरल्याच. पण खटला त्यांच्यावर नव्हता. शाळेचे एक जुने दाखल-खारीज रजिस्टर घेऊन साक्षीला यावे, एवढेच त्यात म्हटले होते. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यावर गुन्हा दाखल झाला होता आणि त्या दिवशी तो अठरा वर्षांचा होता की नव्हता, हा वाद होता. साक्षीच्या वेळी बाईंना मुख्य प्रश्न एकच विचारला गेला : ही जन्मतारीख कशाच्या आधारे लिहिली? नोंद करणारे गुरुजी केव्हाच निवृत्त झाले होते. बाई म्हणाल्या, "पालकांनी सांगितली असेल, ती लिहिली असेल."

हा प्रसंग त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत सांगितला, तेव्हा एका तरुण शिक्षकाने सहज विचारले, "पण एवढा खटाटोप कशाला? आता विज्ञान इतके पुढे गेले आहे. हाताचा एक्स-रे काढला की वय कळतेच ना?"

हा समज सर्वत्र आढळतो. वर्तमानपत्रातही 'हाडांच्या चाचणीतून वय स्पष्ट होणार' असे मथळे येतात. या चाचणीतून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, ते आपण या लेखात पाहू. प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. वय अठरापेक्षा कमी की जास्त, यावर बालन्याय मंडळ की फौजदारी न्यायालय, सुधारगृह की तुरुंग, हे ठरते. क्वचित फाशीही त्यावर अवलंबून असते.

हाडांची वाढ कशी होते?

जन्मलेल्या बाळाच्या शरीरात सुमारे तीनशे हाडे असतात. प्रौढ माणसात २०६. मधल्या काळात हाडे नाहीशी होत नाहीत, तर एकमेकांना जुळतात. बाळाच्या सांगाड्याचा बराच भाग कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीसारख्या लवचीक पदार्थाचा असतो. या कूर्चेत हळूहळू कॅल्शियमचे क्षार साठून तिचे हाड बनते. याला अस्थीभवन म्हणतात. क्ष-किरण कूर्चेतून आरपार जातात, हाड मात्र त्यांना बऱ्याच प्रमाणात अडवते. म्हणून एक्स-रेमध्ये हाड पांढरे दिसते आणि कूर्चेची जागा रिकामी, काळसर दिसते.

हातापायाच्या लांब हाडाचे मधला दांडा आणि टोके असे भाग असतात. वाढत्या वयात दांडा आणि टोक यांच्यामध्ये कूर्चेची एक पातळ पट्टी असते. उंची वाढते ती या पट्टीमुळे. पौगंडावस्थेत संप्रेरकांच्या प्रभावाने ही पट्टी अरुंद होत जाते आणि शेवटी टोक दांड्याला कायमचे जुळते. मग त्या हाडाची लांबी वाढणे थांबते.

शरीरातील सर्व सांधे एकाच वेळी जुळत नाहीत. साधारणपणे मुलांमध्ये कोपराजवळची टोके चौदा ते सोळाच्या सुमारास जुळतात, मनगटाची सतरा ते एकोणीसच्या सुमारास, कंबरेच्या हाडाची वरची कड एकोणीस ते एकवीसच्या आसपास. आपण ज्याला कॉलर बोन म्हणतो, त्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी, विशीत जुळते. मुलींमध्ये हे सगळे वर्ष-दोन वर्षे आधी घडते. दातांचेही असेच वेळापत्रक आहे. अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात येते. काहींना ती कधीच येत नाही.

या क्रमावरून वयाचा अंदाज बांधणे, हीच हाडांची चाचणी.

नमुन्याचे पुस्तक कोणाचे?

अंदाज बांधायचा तर तुलनेसाठी नमुना हवा. जगभर सर्वाधिक वापरला गेलेला नमुना म्हणजे ग्रॉयलिच आणि पाइल या दोन अमेरिकन तज्ज्ञांनी १९५० साली तयार केलेला हाताच्या एक्स-रेंचा संग्रह. त्यातील चित्रे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरातल्या खात्यापित्या घरांतील गोऱ्या मुलांची होती. टॅनर आणि व्हाइटहाउस यांची दुसरी पद्धत ब्रिटनमध्ये विकसित झाली. तिच्यात डाव्या हाताच्या एकेका हाडाला गुण देऊन बेरीज करतात. आपल्याकडे न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत गॉलस्टन यांच्या १९३७ सालच्या अभ्यासाचा आधार घेतला जात आला. तो बंगालमध्ये झालेला होता.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली : कुपोषण, दीर्घ आजार, संप्रेरकांचे विकार यांमुळे हाडांची वाढ मागे पडते, उलट काही मुलांची लवकर पुरी होते. क्लीव्हलँडच्या मुलाचे वेळापत्रक मेळघाटातल्या मुलाला जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : हे नमुने वय शोधण्यासाठी बनवलेच नव्हते. डॉक्टरांना मुलाचे वय ठाऊक असे. त्या वयाच्या मानाने त्याची वाढ ठीक आहे का, हे त्यांना पाहायचे होते. तुरुंगातल्या मुलाच्या बाबतीत आपण हा प्रश्न उलटा करतो. वाढ ठाऊक आहे, त्यावरून वय सांगा, असे म्हणतो. प्रश्न उलटा केला की उत्तराची खात्री तेवढीच राहत नाही.

सरासरी आणि पसारा

आठवीच्या वर्गाकडे नजर टाका. सगळे तेरा-चौदा वर्षांचे. पण एखाद्याला मिसरूड फुटलेली असते, तर दुसरा पाचवीतला वाटतो. हाडांचेही तसेच आहे. प्रत्येक अवस्थेचे एक सरासरी वय असते आणि त्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना पसारा असतो.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, मुलांचे मनगट पूर्ण जुळण्याचे सरासरी वय साडेसतरा वर्षे आहे आणि प्रमाण विचलन एक वर्षाचे आहे. हे आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण ते वास्तवापासून फार दूर नाहीत. आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रात विखुरलेले आहेत असे धरले, तर मनगट पूर्ण जुळलेली मुले अशी सापडतील :

सोळा वर्षांच्या १०० मुलांत सुमारे ७
सतरा वर्षांच्या १०० मुलांत सुमारे ३१
अठरा वर्षांच्या १०० मुलांत सुमारे ६९
एकोणीस वर्षांच्या १०० मुलांत सुमारे ९३

आता 'मनगट जुळले म्हणजे प्रौढ, नाही जुळले म्हणजे बालक' असा नियम केला, तर काय होईल? सतरा वर्षांच्या शंभर मुलांपैकी एकतीस मुले प्रौढ ठरून तुरुंगात जातील आणि अठरा वर्षांच्या शंभरांपैकी एकतीस जण बालक ठरतील. एक्स-रे यंत्र उत्तम, डॉक्टर निष्णात, तरीही ही चूक होणारच. कारण चूक यंत्रात नाही. माणसे एकाच वेळापत्रकाने वाढत नाहीत, एवढेच तिचे कारण.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जयमाला खटल्यात म्हटले होते की, एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्हीकडे दोन-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. म्हणजे अहवालात 'अठरा' असेल, तर वाचताना 'सोळा ते वीस' असे वाचावे.

दुसरी अडचण आणखी मोठी आहे. धावण्याच्या शर्यतीत अंतिम रेषेपाशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहून तो आत्ताच पोहोचला की दहा मिनिटांपूर्वी, हे सांगता येत नाही. जुळलेल्या हाडाचेही तसेच. एकदा मनगट जुळले, की अठरा वर्षांचा हात आणि पस्तीस वर्षांचा हात या खुणेपुरते सारखेच. ग्रॉयलिच आणि पाइल यांच्या संग्रहात मुलांचे शेवटचे चित्र एकोणीस वर्षांचे आहे. त्यामुळे पूर्ण जुळलेला कोणताही हात त्या चित्राशी जुळतो आणि अहवालात 'एकोणीस' असा आकडा येऊ शकतो. तो मुलगा प्रत्यक्षात सतराचा असला, तरीही.

परदेशातून आलेली मुले

आपल्याच देशातला मुलगा असेल, तर निदान शाळेचे रजिस्टर, ग्रामपंचायतीची नोंद शोधता येते. परदेशी कैद्याच्या बाबतीत हे कागद बहुधा मिळत नाहीत, मिळाले तर त्यांची खातरजमा करणे अवघड असते. मग सगळा भार चाचणीवर येऊन पडतो.

महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण अजमल कसाबचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात जिवंत पकडला गेलेला हा एकमेव हल्लेखोर पाकिस्तानी होता. एप्रिल २००९ मध्ये ऑर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात खटला सुरू झाला, तेव्हा तो अठरा वर्षांखालील असल्याचा दावा त्याच्या वकिलांनी केला. न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी हाडांची व दातांची तपासणी करवून घेतली, डॉक्टरांच्या साक्षी घेतल्या. वय विसाहून अधिक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि दावा फेटाळला गेला. कसाबची आधी नोंदली गेलेली जन्मतारीख १३ सप्टेंबर १९८७ होती. त्या हिशेबाने हल्ल्याच्या दिवशी तो एकवीस वर्षे दोन महिन्यांचा होता. म्हणजे चाचणी आणि नोंद यांचा मेळ बसला.

या उदाहरणावरून चाचणी अचूक आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण इथे दावा सतराच्या आसपासचा होता आणि चाचणीचे उत्तर त्यापासून बरेच दूर होते. चौदा आणि एकवीस यांतला फरक हाडे चांगला सांगतात. सतरा आणि एकोणीस यांतला फरक सांगताना ती अडखळतात. आणि कायद्याची रेषा नेमकी तिथेच, अठरावर आखलेली आहे.

ती कशी अडखळतात, हे ऑस्ट्रेलियात दिसले. २००८ नंतर तिथे निर्वासितांना घेऊन येणाऱ्या बोटींवर इंडोनेशियातील गरीब कोळी मुले खलाशी म्हणून सापडू लागली. प्रौढांना या गुन्ह्यासाठी किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा होती. अल्पवयीन असेल तर सहसा घरी परत पाठवत. अनेकांकडे जन्माचा कागद नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने २००१ पासून मनगटाच्या एक्स-रेला मान्यता दिलेली होती. तो काढून, वर सांगितलेल्या संग्रहाशी ताडून, 'एकोणीस' असा निष्कर्ष निघे आणि मुलगा प्रौढांच्या तुरुंगात जाई. जुलै २०१२ मध्ये त्या देशाच्या मानवी हक्क आयोगाने या सर्व प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध केला. मनगटाचा एक्स-रे हा अठराची रेषा ठरवण्यास विश्वासार्ह पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तोपर्यंत बऱ्याच मुलांनी महिनोन्‌महिने प्रौढ कैद्यांबरोबर काढले होते.

नागपूरच्या तुरुंगातील एक कैदी

कागद नसणे ही केवळ परदेशी माणसाची अडचण नाही. आपल्याच देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेला गरीब मुलगाही तितकाच परका असतो.

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका कुटुंबाच्या घरी पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची हत्या झाली. या अत्यंत क्रूर गुन्ह्यात राजस्थानातील एका मुलाला अटक झाली. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालला, १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अल्पवयीन ठरलेल्याचे नाव छापू नये असे कायदा सांगतो, म्हणून आपणही ते इथे घेणार नाही.

२००५ मध्ये पुण्यात त्याची वैद्यकीय तपासणी झाली. निष्कर्ष होता : वय बावीसपेक्षा जास्त आणि चाळीसपेक्षा कमी. वाचकांनी इथे थांबून गणित करून पाहावे. गुन्हा अकरा वर्षांपूर्वीचा. म्हणजे या अहवालानुसार त्या वेळी तो अकरापासून एकोणतीसपर्यंत कितीही वर्षांचा असू शकत होता. अहवाल चुकीचा नव्हता. उलट तो प्रामाणिक होता. सगळी हाडे जुळून गेल्यावर शरीर याहून अधिक काही सांगू शकत नाही. वेळ गेली, की ही चाचणी जवळजवळ निरुपयोगी होते.

मग उत्तर कुठून मिळाले? शाळेतून. अल्पवयीन असल्याचा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो, अशी तरतूद कायद्यात आहे. तिचा आधार घेऊन त्याने अर्ज केला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. बिकानेर जिल्ह्यातील जालबसर गावच्या सरकारी शाळेत तो तिसरीपर्यंत शिकला होता. तिथल्या नोंदीत जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. रजिस्टरमधले नाव खटल्यातल्या नावाहून थोडे वेगळे होते, त्यामुळे तो मुलगा हाच, हेही सिद्ध करावे लागले. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. या वयाच्या मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, त्यातील मोठा काळ फाशीच्या छायेत. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून तो बाहेर पडला, तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता.

त्या कुटुंबाचे दुःख यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण अटकेनंतर लगेच त्या खेड्यातल्या शाळेत कोणी चौकशी केली असती, तर न्यायाची वाट तेव्हाच नीट लागली असती.

कायदा कोणावर आधी विश्वास ठेवतो?

२०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात पुराव्यांचा क्रम दिला आहे. सर्वप्रथम शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची किंवा अन्य अद्ययावत वैद्यकीय चाचणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. केवळ शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टी.सी., यासाठी पुरेसा नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका निकालात म्हटले आहे.

वैज्ञानिक चाचणी शेवटी ठेवून कायद्याने विज्ञान नाकारले, असे कोणाला वाटेल. वस्तुतः उलटे आहे. कोणत्या मोजमापात किती चूक संभवते, हे ओळखून त्यांचा क्रम लावणे हीच वैज्ञानिक रीत.

चाचण्याही सुधारत आहेत. जर्मनीतील तज्ज्ञ शारीरिक तपासणी, हाताचा एक्स-रे, दात आणि कॉलर बोनचे सी.टी. स्कॅन अशा सगळ्यांचा एकत्र विचार करतात. ते 'बहुधा किती वय' असे न विचारता 'या अवस्थेत आढळलेल्या माणसांत सर्वांत लहान किती वर्षांचा होता' असे विचारतात. हे किमान वय अठराच्या वर असेल, तरच माणसाला प्रौढ म्हणायचे. संशयाचा फायदा मुलाला मिळावा, हे तत्त्व इथे आकडेमोडीतच गुंफले आहे. यात काही प्रौढ बालक ठरतील, ही किंमत मात्र मान्य करावी लागते.

चाचणी कुठे वापरायची, यावरही बरेच अवलंबून आहे. सदरला लागून असलेल्या व्ही.सी.ए.च्या जुन्या मैदानावर मुलांचे सामने आपण पाहिले असतील. सोळा वर्षांखालील मुलांचे वय पडताळण्यासाठी भारतीय क्रिकेट नियामक मंडळ टॅनर-व्हाइटहाउस पद्धतच वापरते. तिथे चूक झाली तर एखाद्या मुलाचा हंगाम बुडतो. तेही वाईटच, पण भरून निघणारे. तुरुंगातली चूक भरून निघत नाही.

आणि आपले रजिस्टर?

हाडांची चूक दोन वर्षांची असेल, तर शाळेच्या रजिस्टरची किती? महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली असंख्य माणसे भेटतात. तेवढी मुले त्या दिवशी जन्मली नव्हती. जूनमध्ये शाळा उघडे, मुलाची जन्मतारीख पालकांना आठवत नसे, आणि गुरुजी पहिलीत बसेल असे वय धरून तारीख टाकून देत. हाही एक अंदाजच. फरक इतकाच, की तो अंदाज आहे असे रजिस्टरमध्ये कुठे लिहिलेले नसते. तारीख नेमकी दिसते, म्हणून ती खरी वाटते. एक्स-रेच्या अहवालातल्या 'एकोणीस' या आकड्याचा दोषही हाच होता.

आता जन्मनोंदणी पुष्कळ सुधारली आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच पुरावा धरला जाणार आहे. पण वीटभट्टीवर, ऊसतोडीला, बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुले आजही कागदाविना शाळेच्या दारात येतात. त्यांना प्रवेश नाकारायचा नाहीच. तारीख लिहिताना ती कोणी सांगितली आणि कशाच्या आधारे, हे शेऱ्याच्या रकान्यात लिहावे. सणवार, पेरणी-कापणी, मोठ्या भावंडाचे वय अशा खुणांवरून महिना तरी ठरवता येतो. मुलाचे नाव घरी व गावी जसे म्हणतात तसे, आणि गावाचे नाव पूर्ण लिहावे.

सदरच्या त्या बाईंनी न्यायालयातून परत आल्यावर पहिले काम काय केले? प्रवेशअर्जावर एक ओळ छापून घेतली : जन्मतारखेचा आधार. त्या म्हणाल्या, "पुन्हा कोणी विचारले, तर माझ्यानंतरच्या बाईंना उत्तर देता आले पाहिजे."

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या मुलांना स्वतःचे नाव न लिहिता दोनच गोष्टी चिठ्ठीवर लिहायला सांगा : वय महिन्यांत आणि उंची सेंटिमीटरमध्ये. फळ्यावर आलेख काढा. नंतर एकच उंची दाखवून विचारा, "या उंचीच्या मुलाचे वय किती?" किती वेगवेगळी उत्तरे बरोबर ठरू शकतात, ते मुलांनाच मोजू द्या. मुलगे व मुली यांचे ठिपके वेगळ्या रंगांत काढल्यास आणखी एक गोष्ट लक्षात येईल. ती कोणती, हे मात्र आधी सांगू नका.